दोन नद्यांच्या मधले गाव

[अमेरिकेतील उत्तर कॅरोलायना राज्यात कॅरी नावाचे एक गाव आहे. दीडशे वर्षांपूर्वी रेल्वेमार्गाच्या कडेला वसलेले हे लहानसे खेडे आज पावणेदोन लाख वस्तीचे झाले आहे. गाव वाढत असताना त्याच्यापुढे कोणते प्रश्न उभे राहिले आणि त्यांतून गावाने कसा मार्ग काढला, याची माहिती प्रस्तुत पाठात दिली आहे.]

पावसाळ्यात सह्याद्रीच्या माथ्यावर उभे राहिले, की एक गोष्ट लक्षात येते. माथ्याच्या पश्चिमेला पडलेला पावसाचा थेंब काही तासांतच कोकणातील एखाद्या खाडीला जाऊन मिळतो. त्याच्या शेजारीच, पण पूर्वेच्या उतारावर पडलेला थेंब कृष्णेत किंवा भीमेत जातो आणि शेकडो कोसांचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळतो. दोन थेंबांमध्ये अंतर हातभर. पण दोघांच्या वाटा कायमच्या वेगळ्या होतात.

पावसाच्या पाण्याची अशीच वाटणी करणारे एक गाव आपल्यापासून फार दूर, अमेरिकेच्या पूर्व भागात आहे. त्याचे नाव कॅरी. उत्तर कॅरोलायना राज्याची राजधानी राली हिच्या पश्चिमेला, अगदी लागूनच ते वसले आहे. गावाच्या पूर्वेकडील पाणी क्रॅबट्री, स्विफ्ट अशा ओढ्यांतून न्यूस नदीला मिळते. पश्चिमेकडील पाणी जॉर्डन नावाच्या जलाशयात जाते आणि तेथून केप फिअर नदीला मिळते. दोन्ही नद्या शेवटी अटलांटिक महासागराकडेच जातात. पण त्यांची खोरी वेगळी आणि मुखेही एकमेकींपासून दूर. या दोन खोऱ्यांच्या मधल्या उंचवट्यावर कॅरी गाव पसरलेले आहे.

येथे सह्याद्रीसारखे कडे नाहीत. पश्चिमेला ॲपलाचियन पर्वत आणि पूर्वेला समुद्रकिनाऱ्याची सपाट भूमी, यांच्या मधला हा लहानलहान टेकड्यांचा प्रदेश आहे. समुद्रसपाटीपासून गावाची उंची सुमारे दीडशे मीटर आहे. माती तांबडी. कोकणातून तेथे गेलेल्या माणसाला ती पाहून आपल्या गावची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. पाऊस मात्र आपल्यासारखा चार महिन्यांचा नसतो. वर्षाकाठी पडणारा सुमारे ११५० मिलिमीटर पाऊस बाराही महिन्यांत थोडाथोडा विभागलेला असतो. उन्हाळा दमट, हिवाळा थंड. पण बर्फ थोडेच पडते. उन्हाळ्याच्या अखेरीस समुद्रावरून चक्रीवादळे येतात. सप्टेंबर १९९६ मध्ये आलेल्या ‘फ्रॅन’ वादळाने या भागातील असंख्य झाडे उन्मळून पडली होती.

या भूमीवर पूर्वी टस्करोरा या आदिवासी जमातीचा वावर होता. युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांशी त्यांचे १७११ ते १७१५ या काळात युद्ध झाले. त्यात टस्करोरांचा पराभव झाला आणि त्यांच्यापैकी अनेकांनी उत्तरेकडे न्यूयॉर्कच्या भागात स्थलांतर केले. कॅरीच्या इतिहासाचे हे पहिले पान. हे पान आनंदाचे नाही. पण ते वगळून गावाची गोष्ट सांगता येत नाही.

आजच्या गावाचा पाया घातला तो आगगाडीने. १८५० नंतरच्या काही वर्षांत उत्तर कॅरोलायनाचा रेल्वेमार्ग बांधला जात होता. ॲलिसन फ्रान्सिस पेज नावाच्या लाकडाच्या व्यापाऱ्याने १८५४ मध्ये या मार्गालगत सुमारे तीनशे एकर जमीन विकत घेतली. त्याने लाकडाची वखार घातली, दुकान काढले, रस्ते आखले. पेज दारूबंदीचा कट्टर पुरस्कर्ता होता. ओहायो राज्यातील सॅम्युएल फेंटन कॅरी हा त्या काळी दारूबंदीचा प्रसिद्ध प्रचारक होता. त्याच्याबद्दलच्या आदरापोटी पेजने आपल्या नव्या वस्तीला ‘कॅरी’ हे नाव दिले.

पुढे दुसरा एक रेल्वेमार्ग येथे येऊन मिळाला आणि कॅरी जंक्शन झाले. गाडीतून उतरलेल्या प्रवाशांच्या जेवणाची आणि मुक्कामाची सोय व्हावी म्हणून पेजने १८६८ च्या सुमारास विटांचे एक दुमजली हॉटेल बांधले. १८७१ मध्ये गावाला रीतसर सनद मिळाली आणि पेज पहिला नगराध्यक्ष झाला. त्याचे हॉटेल पुढे पडझडीला आले होते. १९८० नंतरच्या दशकात गावातील नागरिकांनी पुढाकार घेऊन ते वाचवले. आज त्या वास्तूत कला आणि इतिहास यांचे केंद्र आहे. रेल्वे स्थानकावर प्रवासी गाड्याही अजून थांबतात.

या पेजचा मुलगा वॉल्टर हाइन्स पेज याचा जन्म कॅरीतच १८५५ मध्ये झाला. तो मोठा पत्रकार आणि प्रकाशक झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१३ ते १९१८ या वर्षांत, तो इंग्लंडमध्ये अमेरिकेचा राजदूत होता. पण आपल्या राज्याच्या दृष्टीने त्याचे मोठे काम वेगळेच आहे. दक्षिणेकडील राज्यांतील गरीब, निरक्षर माणसाला सगळे विसरून गेले आहेत. त्याच्या मुलांना सरकारी शाळेत शिक्षण मिळाल्याशिवाय राज्य पुढे जाणार नाही, असे त्याने १८९७ मधील एका गाजलेल्या भाषणात ठासून सांगितले. त्यानंतर दहा वर्षांनी, १९०७ मध्ये, कॅरीतील खाजगी शाळा सार्वजनिक माध्यमिक शाळा झाली. सरकारी मदतीवर चालणारी ती राज्यातील पहिली माध्यमिक शाळा मानली जाते. दूरदूरच्या खेड्यांतून मुले तेथे शिकायला येऊ लागली.

शाळेचे दार उघडले खरे. पण ते सर्वांसाठी उघडले नव्हते. उत्तर कॅरोलायनात १८६५ पर्यंत गुलामगिरी होती. ती संपल्यावरही गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवल्या जात. कॅरीतील काळ्या मुलांना माध्यमिक शिक्षणासाठी गावातली शाळा ओलांडून दुसऱ्या गावच्या शाळेत जावे लागे. अशा वेगळ्या शाळा घटनेच्या विरुद्ध आहेत, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये दिला. तरीही तो गावोगावी अमलात यायला अनेक वर्षे लागली. कॅरीच्या माध्यमिक शाळेत १९६३ मध्ये पहिल्यांदा सहा काळ्या मुलींनी प्रवेश घेतला. एवढ्या मोठ्या शाळेत त्या सहाच जणी. रोज सकाळी त्या दारातून आत जाताना त्यांना किती धैर्य लागले असेल, याची आपण कल्पना करू शकतो. गावाच्या इतिहासात रेल्वेमार्ग आखणाऱ्यांइतकेच या सहा मुलींनाही महत्त्वाचे स्थान आहे.

त्या वेळी कॅरी खेडेच होते. १९६० च्या जनगणनेत तेथील लोकसंख्या फक्त ३,३५६ होती. तंबाखू, कापड आणि लाकडी सामान हे राज्याचे मुख्य व्यवसाय होते. त्यांवर फार काळ विसंबून राहता येणार नाही, हे जाणत्या लोकांनी ओळखले. राली, डरहॅम आणि चॅपेल हिल या तीन शहरांत तीन मोठी विद्यापीठे आहेत. नकाशावर ही शहरे रेषांनी जोडली, तर त्रिकोण तयार होतो. या त्रिकोणाच्या मध्यावरील माळरानावर आणि पाइनच्या जंगलात १९५९ मध्ये संशोधनासाठी एक विशाल वसाहत उभारण्यात आली. औषधे, संगणक, शेती अशा अनेक विषयांच्या प्रयोगशाळा तेथे आल्या. १९६५ मध्ये आयबीएम या संगणक कंपनीने तेथे येण्याचे ठरवले आणि वसाहतीची घडी बसली. १९८० मध्ये सॅस ही संख्याशास्त्राच्या आज्ञावली तयार करणारी कंपनी रालीहून कॅरीत आली.

कॅरी या वसाहतीच्या शेजारीच होते. मग काय विचारता! देशाच्या कानाकोपऱ्यांतून शास्त्रज्ञ, अभियंते, शिक्षक आपली बिऱ्हाडे घेऊन येऊ लागले. १९८० मध्ये लोकसंख्या २१,७६३ झाली. २००० मध्ये ती ९४,५३६ वर गेली. म्हणजे चाळीस वर्षांत गाव अठ्ठावीस पट वाढले! २०२० च्या जनगणनेत ती १,७४,७२१ भरली. एवढे होऊनही कॅरीने ‘शहर’ ही पदवी घेतलेली नाही. सरकारी कागदांवर ते आजही ‘टाउन’, म्हणजे गावच आहे. उत्तरेकडील राज्यांतून इतके लोक आले, की जुने रहिवासी थट्टेने म्हणू लागले, ‘कॅरी म्हणजे बाहेरून आलेल्या उत्तरेकडच्या मंडळींना ठेवण्याची जागा!’ थट्टा खरी. पण तीत थोडी खंतही होती. आपले गाव आपल्या डोळ्यांदेखत अनोळखी होत आहे, असे त्यांना वाटत होते.

माणसे वाढली, की पहिला प्रश्न पाण्याचा. कॅरीजवळ मोठी नदी नाही. ते दोन खोऱ्यांच्या मधल्या उंचवट्यावर आहे, हे आपण पाहिलेच. बराच काळ गाव शेजाऱ्यांकडून पाणी विकत घेत असे. शेवटी पश्चिमेकडील जॉर्डन जलाशयातून पाणी उचलण्याचे ठरले. कॅरी आणि शेजारचे एपेक्स या दोन गावांचे जलशुद्धीकरण केंद्र १९९३ मध्ये सुरू झाले. नळांना भरपूर पाणी आले. पण त्यातून नवाच पेच उभा राहिला.

जॉर्डन जलाशय केप फिअरच्या खोऱ्यात आहे. तेथून उचललेले पाणी कॅरीतील घराघरांत वापरले जाई आणि सांडपाणी शुद्ध करून बरेचसे न्यूस नदीच्या खोऱ्यात सोडले जाई. म्हणजे पाणी एका नदीचे घ्यायचे आणि द्यायचे मात्र दुसरीला! केप फिअरच्या काठी खालच्या अंगाला फेएटव्हिल, विल्मिंग्टन अशी शहरे आहेत. ती याच नदीचे पाणी पितात. वरच्या गावाने पाणी दुसरीकडे वळवले, तर खालच्या गावांनी काय करायचे?

२००१ मध्ये राज्याने पाणी उचलण्याची वाढीव परवानगी दिली. परंतु एक अट घातली. ज्या खोऱ्यातून पाणी घेतले, त्याच खोऱ्यात ते परत दिले पाहिजे. त्यासाठी कॅरीने शेजारच्या गावांसह नवे शुद्धीकरण केंद्र बांधले. ते काम सोपे नव्हते आणि स्वस्तही नव्हते. २०१४ मध्ये ते केंद्र सुरू झाले. स्वच्छ केलेले पाणी आता लांब नळातून केप फिअर नदीत परत सोडले जाते. याशिवाय शुद्ध केलेले काही सांडपाणी २००१ पासून वेगळ्या नळांनी बागांना आणि हिरवळींना दिले जाते. असे पाणी घरोघर पोहोचवणारे कॅरी हे राज्यातील पहिले गाव होय. पिण्याचे पाणी झाडांना घालण्याची गरजच त्यामुळे कमी झाली.

पाण्याप्रमाणे झाडांचीही गोष्ट आहे. गावाच्या दक्षिण भागात स्विफ्ट ओढ्याच्या काठावर काही उंच दरडी आहेत. तेथे हेमलॉक नावाची सूचिपर्णी झाडे आहेत. खरे तर ही थंड पर्वतातील झाडे. त्यांचे नेहमीचे वसतिस्थान येथून तीनशे किलोमीटरांहून अधिक पश्चिमेला आहे. मग ती येथे कशी आली? हजारो वर्षांपूर्वीच्या हिमयुगात हा सारा प्रदेशच थंड होता आणि ही झाडे सर्वत्र वाढत होती. पुढे हवा उबदार झाली, तशी ती इतर ठिकाणांहून नाहीशी झाली. या दरडींचे तोंड उत्तरेकडे असल्याने तेथे ऊन थेट पोहोचत नाही. त्या गार, ओलसर सावलीत ही झाडे टिकून राहिली. आज तो भाग राखीव आहे. अलीकडे एका परदेशी किडीने या झाडांवर हल्ला चढवला आहे. तिच्यापासून ती वाचवण्यासाठी झाडांवर उपचार केले जातात. गावात इतरत्रही रस्ता आणि इमारती यांच्यामध्ये झाडांचे पट्टे राखण्याचा नियम आहे. दुकानांच्या पाट्याही ठेंगण्या ठेवाव्या लागतात. म्हणून नव्या माणसाला कधीकधी दुकान सापडत नाही. पण झाडे मात्र सगळीकडे सापडतात.

आजच्या कॅरीत सुमारे पाचवा हिस्सा लोक आशियाई वंशाचे आहेत आणि त्यांत भारतीय मोठ्या संख्येने आहेत. १९९० नंतरच्या दशकात संगणक क्षेत्रातील कामामुळे अनेक भारतीय कुटुंबे येथे आली. २००९ मध्ये गावात श्रीवेंकटेश्वराचे मंदिर उभे राहिले. त्याच्या ८७ फूट उंच गोपुराचे उद्घाटन २०२२ च्या दिवाळीत, २४ ऑक्टोबरला, राज्याचे तेव्हाचे राज्यपाल रॉय कूपर यांच्या हस्ते झाले. तळ्याकाठच्या खुल्या रंगमंचावर दरवर्षी दिवाळीचा उत्सव होतो. तो पाहायला गावातले सगळ्या देशांचे, सगळ्या धर्मांचे लोक येतात. तसेच १९७७ पासून भरणाऱ्या ‘लेझी डेझ’ या कलाजत्रेत भारतीय कुटुंबेही हौसेने हिंडतात.

मराठी कुटुंबेही येथे आहेत. भाद्रपदात ती एकत्र येऊन गणपती बसवतात, चैत्रात अंगणात गुढी उभारतात. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात, तेव्हा उन्हाळ्यात तेथे सकाळचे नऊ वाजतात. त्या वेळी कितीतरी घरांतून इकडच्या आजी-आजोबांशी बोलणे चाललेले असते. मुले आठवडाभर इंग्रजी शाळेत शिकतात. सुटीच्या दिवशी आईवडील त्यांना मराठीच्या वर्गाला नेऊन सोडतात. ‘ळ’ म्हणताना त्यांची जीभ अडखळते. ‘तो वाटी’ की ‘ती वाटी’, असा प्रश्न पडतो. शिकवणारेही कोणी पगारी शिक्षक नसतात. दिवसा नोकरी करणारे, पण मुलांच्या तोंडी मराठी राहावी म्हणून स्वतःचा वेळ देणारे पालकच असतात. मुले कधी कंटाळतात, ‘हे कशाला शिकायचे?’ असेही विचारतात. या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. एखाद्या दिवशी फोनवर आजीने सांगितलेला विनोद मुलाला आपणहून कळतो आणि तो खळखळून हसतो. तेव्हा त्याचे उत्तर त्यालाच मिळते.

कॅरी गावाजवळ स्वतःचे असे फार थोडे होते. जमीन दुसऱ्यांची, माणसे बाहेरची, पाणी दूरच्या जलाशयाचे. घेणे सोपे होते. परत देणे गावाला सावकाश शिकावे लागले. नदीचे पाणी नदीला परत द्यायला एकवीस वर्षे लागली. शाळेचे दार सर्वांसाठी उघडायला त्याहून कितीतरी अधिक काळ गेला. आणि जे टस्करोरा निघून गेले, त्यांना त्यांची भूमी परत मिळाली नाही. सगळेच परत देता येत नाही, म्हणून जे देता येते ते वेळेवर दिले पाहिजे.

तुमच्याही गावात पाऊस पडतो. तो कोणत्या ओढ्याला मिळतो, कोणत्या नदीत जातो आणि आपल्या खाली ते पाणी कोण पिते, याचा शोध घ्या. गावाची खरी ओळख तेथूनच सुरू होते.

स्वाध्याय

प्र. १. प्रत्येकी एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) कॅरी गावाला ते नाव कोणावरून पडले?
(आ) कॅरीच्या पूर्वेकडील पाणी कोणत्या नदीला मिळते?
(इ) १९६३ मध्ये कॅरीच्या माध्यमिक शाळेत कोणती महत्त्वाची घटना घडली?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) कॅरीची लोकसंख्या १९६० नंतर झपाट्याने वाढली.
(आ) राज्याने पाणी उचलण्याची परवानगी देताना अट घातली.
(इ) हेमलॉकची झाडे कॅरीत टिकून राहिली.

प्र. ३. ‘शाळेचे दार उघडले खरे, पण ते सर्वांसाठी उघडले नव्हते,’ असे लेखकाने का म्हटले आहे, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.

प्र. ४. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : पुरस्कर्ता, सनद, वसतिस्थान, विसंबून राहणे.

उपक्रम : आपल्या गावातील पावसाचे पाणी ज्या वाटेने समुद्रापर्यंत जाते, ती वाट दाखवणारा नकाशा काढा. वाटेत लागणाऱ्या गावांची नावे त्यात लिहा.